भिंगरी वर बघते

माझा भाऊ कुणाच्याही छपरावर ताडपत्री बांधून खाली उतरला, की हात झटकत एकच वाक्य म्हणतो, "आता काही होत नाही." गिऱ्हाईक खूश होतं. आमचा धंदाच मुळी त्या वाक्यावर चालतो. मी कारखान्यात बसून शिवते, तो बाहेर जाऊन बांधतो. ट्रकची, दुकानांची, गळक्या घरांची, सगळी पांघरुणं आमच्याकडची. पण हे वाक्य त्याच्या जिभेला असं चिकटलं की तो ते घरातही वापरायला लागला. पोरगी जिन्यावरून गडगडली, काही होत नाही. दूध उतू गेलं, काही होत नाही. मी त्याची थोरली बहीण. त्याला कितीदा सांगितलं, अरे बाबा, दोरीची खात्री दे, आभाळाची देऊ नकोस. ऐकेल तर शपथ.

गेल्या वर्षीच्या वादळात त्याची मुलगी अंथरुणातून म्हणाली, "बाबा, पत्रा हलतोय." तो झोपेतच म्हणाला, "काही होत नाही, झोप." ती शहाण्यासारखी डोळे मिटून पडली आणि थोड्याच वेळात तिच्या डोक्यावरचा पत्रा उडून गेला. पोरीला खरचटलंसुद्धा नाही. लोक म्हणाले, नशीब थोर. मीही म्हणाले. पण त्या थोर नशिबाचं पुढे काय झालं ते फक्त आम्हालाच ठाऊक आहे.

तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी म्हणून ठरायची नाही. त्या वादळानंतर ती बसायला शिकली. आणि बसण्याआधी वर बघायला. शाळेत, बसमध्ये, डॉक्टरकडे, कुठेही गेली की मान मागे टाकून छत या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत बघणार आणि मग खुर्चीच्या अगदी कडेला टेकणार. रात्री भिंतीला पाठ लावून बसल्या बसल्या झोपायची. जोराचा वारा सुटला की तिची बोलती बंद व्हायची, ती पुढे दोन-दोन दिवस.

त्याहून वाईट म्हणजे बापावरचा तिचा विश्वास उडाला. त्यानं काही सांगितलं की ती माझ्याकडे नाहीतर आईकडे येऊन विचारायची, "बाबा म्हणतो उद्या सुट्टी आहे. खरं आहे का?" तो तिथंच उभा असायचा. हसायचा. मग उगाच बाहेर जाऊन चांगल्या बांधलेल्या दोऱ्या सोडायचा आणि पुन्हा बांधायचा. मला त्याची दया यायची आणि राग पण यायचा. दोन्ही एकदम येतात भावांच्या बाबतीत.

तर यंदा पुन्हा वादळाची सूचना आली. भावजय नर्स आहे. वादळ आलं की बाकीच्यांना सुट्टी आणि तिची सुट्टी रद्द. सकाळी निघताना तिनं मला बाजूला घेतलं आणि म्हणाली, "ताई, हिला कळू देऊ नका. आता कुठे चार शब्द बोलायला लागलीय. पुन्हा तसं झालं, तर माझी मुलगी मला परत मिळायची नाही." तिचे डोळे भरले होते. मी म्हटलं, "तू जा निर्धास्त. मी आहे ना." म्हणजे बघा, भाऊ बोलतो ते वाक्य आमच्या घराण्यातच आहे, फक्त शब्द वेगळे.

मग आम्ही सगळ्यांनी मिळून वादळ लपवायचा घाट घातला. रेडिओ कपाटात गेला. शाळा बंद का, तर शाळेची पाण्याची टाकी फुटली. मी भिंगरीला घेऊन कारखान्यात आले. तिथं मी आणि आमचे कटिंग मास्तर, दोघंच. मास्तर म्हातारे, हात सोन्याचा, पण आयुष्यभर मशिनींच्या शेजारी काढल्यामुळे कान गेलेले. आत आल्याबरोबर भिंगरीनं मान मागे टाकली. आमचा कारखाना म्हणजे पत्र्याचं लांबलचक छप्पर. तिनं ते सगळं बघितलं आणि दाराजवळच्या स्टुलावर टेकली.

"आत्या, तो माणूस दुकानाची पाटी का उतरवतोय?"

"रंगवायला."

"आणि समोरचे काका खिडक्यांना फळ्या का ठोकतायत?"

"त्यांनापण रंगवायचं असेल."

मास्तरांना नको ते बरोबर ऐकू येतं. ते कात्रीआड हसले. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे मलाही कळत होतं, पण हाताशी झाकण्याखेरीज दुसरं काही नव्हतं.

भाऊ दोरीचं वेटोळं खांद्यावर टाकून निघाला. "पलीकडच्या गल्लीत दोन घरं बांधायची राहिलीत. आलोच. काही होत नाही." भिंगरीनं माझ्याकडे बघितलं. मी सुईत दोरा ओवायला लागले.

वादळ संध्याकाळी यायचं होतं. ते दुपारीच आलं. जेवणाचे डबे बंद करतोय तोवर बाहेर अंधारून आलं आणि पत्र्यावर पहिली थाप बसली. भिंगरी ताठ झाली. तेव्हा मला ती कल्पना सुचली, आणि अशी कल्पना आमच्या धंद्यातल्या माणसालाच सुचू शकते. मशिनींच्या आवाजात आम्हाला एरवी शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. घरी पाहुणे आले तर त्यांना वाटतं आम्ही भांडतोय. मग वारा तरी कशाला ऐकू येईल? मी मास्तरांना खूण केली आणि सगळ्या मशिनी एकदम सुरू केल्या. चालवणाऱ्या बायका आल्या नव्हत्या, म्हणून पायानं दाबायच्या पेडलांवर विटा ठेवल्या. दोरे काढून टाकले. बिनकापडाची, बिनदोऱ्याची मशीन पळवणं म्हणजे आमच्याकडे पाप, पण मी ते केलं. एवढा कल्लोळ झाला की पत्राबित्रा सगळं त्यात बुडून गेलं. भिंगरीपुढे मी ताडपत्रीच्या भोकांना ठोकायच्या पितळी रिंगांचा डबा ओतला आणि लहान-मोठ्या वेगळ्या करायला लावल्या.

ती रिंगा निवडत होती आणि मधूनच त्या विटांकडे बघत होती.

"आत्या, मशिनीवर कोणीच नाही. मग शिवतंय कोण?"

"तेल मुरवतेय!" मी ओरडले.

थोडा वेळ झकास गेला. मला स्वतःचं कौतुकसुद्धा वाटायला लागलं होतं. आणि वीज गेली.

मशिनी सावकाश थांबल्या आणि आम्ही दडवून ठेवलेलं सगळं वादळ एकदम आत आलं. तोवर ते किती वाढलंय हे आम्हालाही कळलं नव्हतं. हळूहळू ऐकलं असतं तर कानाला सवय तरी झाली असती. हे म्हणजे झोपलेल्या माणसाच्या तोंडावर बादली ओतावी तसं झालं. छप्पर या टोकापासून त्या टोकापर्यंत थडथडत होतं. भिंगरीच्या हातातल्या रिंगा सांडल्या. ती वर बघत बघत मागे सरकली आणि कटिंगच्या टेबलाखाली गेली.

मी गुडघे टेकून टेबलाखाली डोकावले. ती कानांवर हात ठेवून बसली होती. ओठ पांढरे.

"भिंगरी, काही हो..." मी म्हणाले आणि थांबले.

"म्हण ना," ती म्हणाली. "बाबासारखं म्हण."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्यावर नाही हो. भावावर, भावजयीवर, त्या विटांवर आणि सगळ्यांत जास्त माझ्यावर. एवढ्याशा जिवाला आम्ही चार मोठी माणसं सकाळपासून फसवत होतो, आणि आता तिनं धरायचं तरी कुणाला?

"नाही म्हणत," मी म्हणाले. "ऐक. टाकी-बिकी काही फुटलेली नाही. वादळ आलंय. मोठं आहे. आई त्यासाठीच दवाखान्यात गेलीय आणि बाबा त्यासाठीच बाहेर आहे. आम्ही सगळे खोटं बोललो तुझ्याशी."

तिनं कानांवरचे हात काढले. "मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"तू विटा ठेवल्यास तेव्हापासून." मग तिनं विचारलं, "तुला भीती वाटतेय?"

"वाटतेय तर! हा बघ हात."

माझा हात थरथरत होता. तिनं तो दोन्ही हातांत धरला आणि नीट बघितला. कुणीतरी शेवटी खरी वस्तू दाखवावी तसं बघितलं.

"मग आता?"

या 'मग आता'चं उत्तर मला सकाळपासून माहीत होतं, तेच सांगताना अजून अंगावर काटा येतो. कारखान्याच्या मागे कापडाचे तागे ठेवायची खोली आहे. छोटी, बिनखिडकीची, वर स्लॅब. वादळात बसायची तीच एक जागा. पण तिथं नेलं असतं तर तिला कळलं असतं. म्हणून आम्ही तिला पत्र्याखाली बसवून ठेवलं होतं. तिला भीती वाटू नये म्हणून, जिची भीती वाटते त्याच गोष्टीच्या खाली.

"मास्तर, तागे बाहेर काढा!" मी ओरडले. "भिंगरी, ऊठ. तू गडगडवत न्यायचे."

ती उठली. मास्तर तागा आडवा करायचे, ती ढकलायची, मी ओढायची. तिघांना बसता येईल एवढी जागा झाली तशी मी टॉर्च घेतला, सगळ्यांना आत ढकललं आणि दार लावलं. आत जाताना भिंगरीनं वर बघितलं. या वेळी मीही तिच्याबरोबर बघितलं.

"हा पडेल?"

"हा बांधताना मी रोज इथं उभी होते. सळ्या माझ्यासमोर घातल्यात. पडेल असं मला वाटत नाही. वाटलं तर तुला सांगीन."

ती बसली, माझ्या मांडीला लागून. बाहेरचा आवाज आता दारामागून येत होता, पण कमी नव्हता. ती पुन्हा आक्रसायला लागली.

आमच्याकडे मशीन बिघडली की आधी कोणी ती उघडत नाही. आधी ऐकतात. सुई बोथट झाली तर आवाज जाड येतो, पट्टा सैल झाला तर मधेच गिळल्यासारखा होतो. मी म्हटलं, "भिंगरी, हे सगळं एकदम ऐकू नकोस. दोऱ्याचा गुंता सोडवतेस ना, तसं एकेक सोडव. तो घुमतोय तो कोण?"

तिनं मान वाकडी केली. "शटर?"

"टायरवाल्याचं शटर. त्याचं ते एरवीही वाजतं. आणि ती शिट्टी?"

"ती... दाराच्या फटीतून. आपल्याच."

"शाब्बास. आणि सळसळ?"

"पन्हाळीचं पाणी." मग तिनं कान दाराकडे केला. "आत्या, एक टकटक येतेय. थांबून थांबून. टक, टकटक."

मीही ऐकलं. तो आवाज मला चांगला ओळखीचा होता. रिंगा ठोकायच्या मशीनवरच्या कोपऱ्यातला पत्रा. त्याचा बोल्ट सैल झालाय म्हणून मी भावाच्या किती दिवस मागे लागले होते. गावभरची छपरं बांधत हिंडणार आणि स्वतःच्या छपराला उद्या, उद्या!

"तो पत्रा जाणार," मी म्हणाले.

"अहो बाई!" मास्तर दचकले. "पोरीसमोर काय हे? उचलली जीभ लावली टाळ्याला!"

"तो जाणारच आहे, मास्तर. तिला आधी कळलं म्हणून जास्त जोरात जाणार आहे का?" मी भिंगरीकडे वळले. "तो कोपऱ्यातला पत्रा आहे. सुटेल तेव्हा मोठा आवाज होईल, कापड टरकावल्यासारखा. पाणी आत येईल. पण आपण त्याच्या खाली नाही. तू कान लाव. आवाज बदलला की मला सांग."

ती ऐकत बसली. एवढं लक्ष देऊन मी तिला वर्षभरात काही करताना बघितलं नव्हतं.

"टकटक थांबली," ती म्हणाली. "आता खरखर येतेय." मग तिची नखं माझ्या मनगटात रुतली. "आत्या, बदलला!"

आणि तो गेला. आमच्या पाठीमागची भिंत हादरली. किंचाळले ते मास्तर. त्यांना ऐकू आलं नव्हतं, पण भिंतीतून पाठीत बसलं असणार. "आई गं!" करून ते माझ्या अंगावरच आले.

भिंगरीचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण तिनं हात लांब करून त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. "मास्तरकाका," ती मोठ्यानं म्हणाली, "तोच तो. आत्यानं सांगितलेला."

मला काय वाटलं ते कसं सांगू? पत्रा गेला होता, मशीन भिजत होती, आणि मी मनातल्या मनात नाचत होते.

पण थोड्या वेळानं तिनं तो प्रश्न विचारला, ज्याला मी सगळ्यात जास्त भीत होते. "बाबा कुठे आहे?"

जिभेच्या टोकावर होतं, येईल गं, काही होत नाही. मी ते गिळलं.

"मला माहीत नाही. तो कुठेतरी पक्क्या भिंतीआड थांबला असेल असं मला वाटतं. त्याला वारा कळतो. पण मला माहीत नाही, भिंगरी."

ती रडायला लागली. मी तिला गप्प केलं नाही. मीही रडले, त्यात लाज कसली? तो माझा धाकटा भाऊ आहे. मास्तर टॉर्च दुसरीकडे वळवून बसले. ती मधूनच थांबून ऐकायची, शटर कमी वाजतंय का ते मला सांगायची आणि पुन्हा रडायची. अशी ती रडत रडत पहारा देत होती. शेवटी शिट्टी थांबली, पन्हाळीची नुसती धार राहिली, आणि कोणीतरी कारखान्याचं दार धडधडा वाजवत ओरडलं, "भिंगरी!"

तागे तुडवत मी बाहेर आले, मागून ती. भाऊ आत येऊन उभा होता. नखशिखांत भिजलेला, एका पायात चप्पल, खांद्यावर दोरी तशीच. तो कोपऱ्यातल्या भोकाकडे बघत होता. तिथून करड्या आभाळाचा तुकडा दिसत होता. मग त्याला ती दिसली. तो धावत आला, तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला आणि बरळायला लागला, "काही नाही झालं, बाळा, काही नाही, काही..."

"झालं," ती म्हणाली. "पत्रा गेला. आत्यानं आधी सांगितलं होतं."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी जीभ परजून तयार होते, एक शब्द बोलला असता तर बोल्टापासून सुरुवात करणार होते. पण तो तसाच भोकातून आलेल्या पाण्यात बसला.

"मला तो उडताना दिसला," तो म्हणाला. "गल्लीच्या तोंडाशी भिंतीआड होतो. आपल्या छपराचा पत्रा वर गेला, वारा पाऊल टाकू देईना आणि मला वाटलं, तू त्याच्या खाली..." त्याला रडू फुटलं. "मला फार भीती वाटली गं. आतून हललोच मी."

भिंगरी त्याच्याकडे बघत राहिली. बापाला रडताना तिनं कधी बघितलं नव्हतं.

"मलापण वाटली," ती म्हणाली. "आत्यालापण. मास्तरकाका तर किंचाळले."

"मी कुठे किंचाळलो?" मास्तर म्हणाले. नको तेच ऐकू येतं त्यांना.

"बाबा, तिथे नको बसू. शेजारचा पत्रापण टकटक करतोय."

तो मुकाट्यानं उठला आणि आमच्याबरोबर कटिंगच्या टेबलापाशी येऊन जमिनीवर टेकला. छप्पर तिथे अजून धड होतं. ती त्याच्यासमोर उभीच होती.

"वादळ परत येईल?"

मी त्याचे ओठ बघत होते. ते वाक्य तिथपर्यंत आलेलं मला दिसलं. भावानं ओठ मिटले, आभाळाच्या त्या तुकड्याकडे बघितलं आणि म्हणाला, "येईल. आज बहुतेक नाही. पण कधीतरी येईल. मला कळलं की तुला सांगीन. सगळ्यांच्या आधी तुला."

मी मान हलवायच्या तयारीत होते. आता ती माझ्याकडे वळणार आणि विचारणार, खरं आहे का. वर्षभर मी तेच काम करत होते.

तिनं विचारलं नाही. दोरीचं ओलं वेटोळं त्याच्या खांद्यावरून ओढून तिनं बाजूला टाकलं आणि त्याच्या मांडीवर बसली. सगळं अंग टाकून, पूर्वी बसायची तशी. बसताना तिनं वर बघितलं नाही.